हा पण पोलीस

गेल्या महिन्यात या पानावर संतूरबद्दलच्या एका प्रश्नाला उत्तर देताना मी सहज लिहून गेलो होतो की जॅझमधला व्हायब्रफोन (धातूच्या पट्ट्यांवर काठ्यांनी वाजवायचं वाद्य) ऐकायचा असेल तर लेम विंचेस्टरपासून सुरुवात करा, बिचारा फार लवकर गेला. एवढं एकच वाक्य. त्यावर इतकी पत्रं आली की या वेळी बाकीचे प्रश्न पुढच्या अंकात ढकललेत, ज्यांचे राहिले त्यांनी रागावू नका. आणि ते "बिचारा लवकर गेला" मी लिहायला नको होतं असं आता वाटतंय. का, ते पहिल्याच पत्राच्या उत्तरात येईल.

प्रश्न : काका, नमस्कार. बाबा मुंबई पोलिसात हवालदार होते, आमचं लहानपण नायगावच्या पोलीस लाइनीत गेलं. दोन वर्षांपूर्वी बाबा गेले. त्यांच्या ट्रंकेत पंधरा-वीस एलपी निघाल्या, बहुतेक नाट्यगीतं आणि भीमसेनजी, आणि एकच इंग्लिश, 'विंचेस्टर स्पेशल'. चोरबाजारातून आणलेली असणार, कारण ड्युटी त्या बाजूला असली की ते काही ना काही घेऊन यायचे. आतल्या कागदी पाकिटावर त्यांनी बॉलपेनने लिहिलंय, "हा पण पोलीस". आम्हाला कधी काही कळलं नाही याचं. तुमचं वाक्य वाचलं आणि अंगावर काटा आला. खरंच पोलीस होता का हा माणूस? नेटवर बघितलं तर सगळीकडे आधी तेच, बंदुकीचा खेळ करताना मेला. आईला हे सांगू की नको? तिला वाटतं बाबांनी कुणा चांगल्या माणसाची रेकॉर्ड जपून ठेवलीये. (एक वाचक, नायगाव)

उत्तर : तुमच्या बाबांनी अगदी बरोबर लिहिलंय. पोलीसच होता, आणि एकदोन वर्षं नाही, १९५० ते १९६०, चांगली दहा वर्षं. अमेरिकेत डेलावेअर राज्यात विल्मिंग्टन नावाचं गाव आहे, तिथल्या पोलीस खात्यात. जन्म फिलाडेल्फियाचा, १९ मार्च १९२८, पण वाढला विल्मिंग्टनमध्येच. आधी सॅक्सोफोन, पियानो असं करत करत १९४७ च्या सुमाराला व्हायब्रफोनवर आला आणि मग तिथेच राहिला.

ही दहा वर्षं कशी काढली असतील ते मी तुम्हाला काय सांगणार, पोलीस लाइनीत वाढलेल्या माणसाला ड्युटी म्हणजे काय ते माझ्यापेक्षा जास्त माहितीये, गणपतीचा बंदोबस्त संपवून पहाटे घरी आलेला बाप बूट काढता काढता झोपतो ते तुम्ही बघितलेलं असणार. तो माणूस ड्युटी सांभाळून हे वाद्य वाजवत होता, आणि हे काही खिशात मावणारं वाद्य नाही, मोठ्या टेबलाएवढं असतं, उचलायला दोन माणसं लागतात.

१९५८ च्या जुलैमध्ये न्यूपोर्टच्या जॅझ महोत्सवात लेनर्ड फेदर या समीक्षकाने त्याला पुढे आणलं. तोपर्यंत त्याला गावाबाहेर कुणी ओळखत नव्हतं. तीस वर्षांचा होता. त्याच वर्षी पहिला एलपी आला, पियानोवाल्या रॅम्झी लुईसच्या त्रयीबरोबर, आणि तो त्याने स्वतःला मिरवायला वापरला नाही, क्लिफर्ड ब्राउनला वाहिला. आता हा क्लिफर्ड कोण, तर त्याच विल्मिंग्टनचा ट्रम्पेटवाला, विंचेस्टरपेक्षा अडीच वर्षांनी लहान, आणि १९५६ च्या जूनमध्ये पेनसिल्व्हेनियाच्या हायवेवर गाडीच्या अपघातात गेला तेव्हा फक्त पंचवीस वर्षांचा होता. जॅझ ऐकणारी माणसं आजही त्याचं नाव काढलं की क्षणभर गप्प होतात. म्हणजे लक्षात घ्या, आपल्या विंचेस्टरची पहिली रेकॉर्ड हीच मुळात लवकर गेलेल्या गाववाल्याच्या आठवणीची आहे. 'जॉय स्प्रिंग', 'सँडू' या क्लिफर्डच्या चाली त्यात आहेत, आणि त्या वाजवताना कुठेही रडका सूर लावलेला नाही, टाळ्यांनी उचलून धरावं असं वाजवलंय.

तुमच्याकडची रेकॉर्ड त्याच्या पुढच्या वर्षीची, १९५९. टेनर सॅक्सोफोनवर बेनी गोल्सन, पियानोवर टॉमी फ्लॅनगन, बासवर वेंडेल मार्शल, ड्रमवर आर्ट टेलर. ही त्या काळातली न्यूयॉर्कची पहिल्या फळीतली माणसं, आणि त्यांच्यामध्ये एक नोकरीवाला पोलीस उभा राहून वाजवतोय आणि कुठेही कमी पडत नाही. त्यात 'डाउन फझ' नावाची एक चाल आहे. फझ म्हणजे अमेरिकेतल्या रस्त्यावरच्या भाषेत पोलीस, आपण मामा म्हणतो ना, तसं. ती आधी लावा. आईलाही तीच ऐकवा.

१९६० मध्ये त्याने नोकरी सोडली, पूर्ण वेळ वाजवायचं ठरवलं. त्या एका वर्षात केवढं काम केलंय! फ्रँक वेसच्या बासरीबरोबर 'अनदर ओपस', ऑलिव्हर नेल्सनबरोबर 'लेम्स बीट' आणि 'नॉक्टर्न', संथ गाण्यांची 'विथ फीलिंग', शिवाय दुसऱ्यांच्या रेकॉर्डवर वाजवलेलं ते वेगळंच. 'अनदर ओपस' तर मी पावसाळ्यात खिडकी उघडी ठेवून ऐकतो, बासरी आणि व्हायब्रफोन एकत्र आले की खोलीतली हवाच हलकी होते.

आणि मग १३ जानेवारी १९६१. इंडियानापोलिसमध्ये रिव्हॉल्व्हरची एक करामत दाखवताना गोळी सुटली आणि तो गेला. बत्तीस वर्षांचा होता. झालं ते एवढंच, आणि तेवढ्यालाच 'रशियन रूले' (एकच गोळी भरून स्वतःवर चाप ओढायचा जीवघेणा खेळ) असं नाव चिकटलं, ते आता सुटत नाही. ज्याने त्याची एक चाल ऐकलेली नाही त्यालाही ही गोष्ट माहीत असते. मला याचं मनापासून वाईट वाटतं, कारण न्यूपोर्ट ते इंडियानापोलिस असा अडीच वर्षांचा काळ त्याला मिळाला, त्यातला क्षण न् क्षण त्याने वाद्याला दिला, आणि लोक सांगतात काय तर शेवटचा एक मिनिट.

आपल्याकडे बघा. द. वि. पलुस्कर १९५५ मध्ये गेले, चौतीस वर्षांचे होते. मेंदूज्वराने गेले हे किती जणांना माहीत असेल? पण त्यांचं 'ठुमक चलत रामचंद्र' लागलं की माझी मावशी हातातलं काम खाली ठेवायची. आमच्या गिरगावातल्या घरात त्यांच्याबद्दल बोलणं व्हायचं ते आवाजाबद्दल, आजाराबद्दल कधीच नाही. विंचेस्टरला हे भाग्य मिळालं नाही, आणि गेल्या महिन्यात "बिचारा लवकर गेला" लिहून मीही तेच केलं.

म्हणून आईला सांगा, लपवू नका, पण सुरुवात तिथून करू नका. आधी रेकॉर्ड लावा, मग दहा वर्षांची पोलिसातली नोकरी सांगा, मग क्लिफर्डचं सांगा, आणि त्यांनी विचारलं "मग पुढे काय झालं" तर तेव्हा सांगा. तुमच्या बाबांनी पाकिटावर लिहिताना तीन शब्दांत जे निवडलं ते बघा ना, त्यांना यातलं बाकीचं माहीत असेल नसेल, पण त्यांनी त्याच्या मरणाबद्दल नाही लिहिलं. आणि हो, ते पाकीट फेकून नवीन प्लास्टिकचं घालू नका, रेकॉर्डला नवीन पाकीट द्या आणि जुनं त्याच कव्हरमध्ये मागे ठेवा. घरातल्या जुन्या प्लेअरची सुई बदलल्याशिवाय लावूही नका, झिजलेली सुई खोबणी कायमची खरवडते.

प्रश्न : मी तबला शिकतो, एकोणीस वर्षांचा आहे. व्हायब्रफोन आणि झायलोफोन एकच का? आणि हे मुंबईत कुठे शिकता येईल? (डोंबिवली)

उत्तर : एकच नाही. झायलोफोनच्या पट्ट्या लाकडी, आपल्या काष्ठतरंगासारख्या, वाजवलं की आवाज टक्कन येतो आणि संपतो. व्हायब्रफोनच्या पट्ट्या अ‍ॅल्युमिनियमच्या, साधारणपणे तीन सप्तकं, सदतीस पट्ट्या. प्रत्येक पट्टीखाली एक नळी असते, ती आवाज भरदार करते. नळीच्या तोंडाशी एक छोटी चकती असते, आणि अशा सगळ्या चकत्या एका दांड्यावर बसवून मोटरने फिरवतात. चकती फिरली की नळीचं तोंड उघडतं मिटतं, उघडतं मिटतं, त्यामुळे आवाज थरथरतो, त्यावरूनच नाव पडलं. शिवाय खाली पेडल असतं पियानोसारखं. पेडल सोडलं की फेल्टची पट्टी सगळ्या पट्ट्यांना खालून टेकते आणि आवाज बंद, दाबलं की सूर कितीतरी वेळ गुंजत राहतो. तू तबलावाला आहेस म्हणून तुझ्या भाषेत सांगतो, डग्ग्यावर तळवा ठेवून आस कशी थांबवतोस, तसंच ते पायाने करायचं, आणि चांगला वादक एकेक सूर काठीच्या टोकाने नुसता स्पर्श करूनही बंद करतो आणि बाकीचे वाजत ठेवतो. ही खरी कला आहे. कुठला सूर राहू द्यायचा आणि कुठला मिटवायचा.

वाद्य तसं तरुण आहे, शंभर वर्षांच्या आसपासचं. १९२० च्या दशकाच्या सुरुवातीला लीडी नावाच्या कंपनीने काढलं, आणि ही कंपनी इंडियानापोलिसची. हो, वरच्या उत्तरात आलं तेच गाव, वाद्य जिथे जन्मलं तिथेच विंचेस्टर गेला. अ‍ॅल्युमिनियमच्या पट्ट्या आणि पेडलवालं आजचं रूप १९२७ मध्ये शिकागोच्या डीगन कंपनीने दिलं. १९३० मध्ये लायनल हॅम्प्टनने लुई आर्मस्ट्राँगच्या रेकॉर्डिंगमध्ये ते वाजवलं आणि जॅझमध्ये ते आलं ते आलंच. मिल्ट जॅक्सनने मोटर हॅम्प्टनपेक्षा खूप सावकाश केली त्यामुळे सूर माणसाच्या आवाजासारखा हलायला लागला, आणि गॅरी बर्टनने दोन हातांत चार काठ्या धरून पियानोसारखं वाजवायची पद्धत पुढे नेली. विंचेस्टर जॅक्सनच्या वाटेवरचा, मुळात ब्लूजमधला, पण त्याचे सूर जास्त सुटे, जास्त चपळ वाटतात मला.

मुंबईत हे वाद्य तू नकळत शंभर वेळा ऐकलेलं आहेस. आपल्या सिनेसंगीताच्या वाद्यवृंदात व्हायब्रफोन असायचाच, रात्रीचा सीन, क्लब, स्वप्न, की मागे ती चांदीसारखी किणकिण. कावस लॉर्ड आणि त्यांचे दोन मुलगे केर्सी आणि बर्जोर हे पारशी कुटुंब तर स्टुडिओतल्या तालवाद्यांचा आधारस्तंभच होतं, त्यातले बर्जोर, ज्यांना सगळे बुजी म्हणायचे, ते व्हायब्रफोन वाजवायचे.

शिकण्याबद्दल खरं सांगतो, वाद्य महाग आहे, नवीन घ्यायचं तर लाखांत जातं, आणि डोंबिवलीच्या वन बीएचकेमध्ये ठेवायचं कुठे हाही प्रश्न आहे. म्हणून वाद्याची वाट बघत बसू नकोस. धोबीतलावला फुर्टाडोज या वाद्यांच्या दुकानात जा, पियानोचे प्राथमिक धडे कुठे मिळतील ते विचार, कारण व्हायब्रफोनच्या पट्ट्या पियानोच्या पट्ट्यांसारख्याच मांडलेल्या असतात, काळ्या-पांढऱ्यासकट. ते डोक्यात बसलं आणि हातात तुझी तबल्याची लय असली की अर्धं काम झालं. तोपर्यंत एक छोटा ग्लॉकेनश्पील घे, शाळेच्या बँडमध्ये असतो तो धातूच्या पट्ट्यांचा, आणि त्यावर काठ्या धरायला शीक, मनगट सैल ठेवून. वर्षभराने मला पत्र लिही, विसरू नकोस.

प्रश्न : मराठी मासिकात अमेरिकन पोलिसाची कौतुकं कशाला? आपल्या वाचकांचं जॅझशी काय देणंघेणं? (दादर)

उत्तर : देणंघेणं आहे, आणि ते आपल्या शहराचंच आहे. १९३० च्या दशकात ताजमध्ये लिऑन अ‍ॅबीचा कृष्णवर्णीय वादकांचा बँड येऊन वाजवून गेला, मग टेडी वेदरफर्ड आला, आणि त्यांचं ऐकून, त्यांच्याबरोबर वाजवून गोव्याची पोरं तयार झाली. चिक चॉकलेट, फ्रँक फर्नांड, आणि गोव्याचेच सेबॅस्टियन डिसूझा, अँथनी गोन्साल्विस, ही सगळी माणसं पुढे सिनेमाच्या स्टुडिओत गेली आणि तुमच्या आमच्या आईवडिलांनी जी गाणी गुणगुणली त्यांच्या मागचा वाद्यमेळ यांनी लिहिला, वाजवला. १९५८ मध्ये अमेरिकेतला जॅझ पियानोवाला डेव्ह ब्रुबेक मुंबईत आला आणि अब्दुल हलीम जाफर खानसाहेबांच्या सतारीबरोबर बसला, म्हणजे ज्या वर्षी विंचेस्टर न्यूपोर्टला उभा राहिला तेच वर्ष. १९६३ मध्ये जॅझमधला नावाजलेला बँडवाला ड्यूक एलिंग्टन येऊन गेला. १९७८ पासून जॅझ यात्रा हा महोत्सव, धोबीतलावच्या रंगभवनात उघड्यावर बसून लोकांनी ऐकलेली. काळा घोड्याचं रेकॉर्डचं दुकान रिदम हाउस २०१६ मध्ये बंद झालं तेव्हा मराठी माणसंही शेवटचं बघायला गेली होती, मी त्यात होतो.

आणि नायगावच्या पोलीस लाइनीतल्या ट्रंकेतून नाट्यगीतांच्या मध्ये विंचेस्टर निघतो, याहून दुसरा पुरावा मी काय देऊ?

प्रश्न : मी वसईचा, लग्नात आणि हॉटेलात कीबोर्ड वाजवतो. विंचेस्टरसारखाच आणखी एक व्हायब्रफोनवाला लवकर गेला ना, जो पियानो पण वाजवायचा? नाव आठवत नाही, एका सीनियरने सांगितलं होतं. (वसई)

उत्तर : एडी कोस्टा. बरं झालं विचारलंत, त्याच्याबद्दल लिहायचं मनात होतंच.

पेनसिल्व्हेनियातल्या अ‍ॅटलस या खाणकामगारांच्या गावात १४ ऑगस्ट १९३० ला जन्म. न्यूयॉर्कला येऊन स्टुडिओत वाजवायला लागला आणि दोन्ही वाद्यांवर असा काही हात बसवला की १९५७ च्या 'डाउनबीट' मासिकाच्या समीक्षकांच्या कौलात नव्या कलाकारांमध्ये पियानोसाठी तोच पहिला आणि व्हायब्रफोनसाठीही तोच. तुमच्यासारखीच रोजची कामं घेणारा माणूस होता, आज याच्या रेकॉर्डिंगला, उद्या त्याच्या, वाचायला पटाईत, कुणीही बोलवावं आणि त्याने जाऊन वाजवावं. त्यामुळे शंभरच्या वर रेकॉर्डवर तो आहे आणि स्वतःच्या नावावर मात्र बोटांवर मोजण्याइतक्या. लग्नातल्या स्टेजवर मागे कीबोर्डवर कोण होतं हे कुणी विचारत नाही, तुम्हाला ते कळेल.

पियानोवर त्याची खासियत म्हणजे डाव्या बाजूचे, खालचे सूर. बाकीचे वर जाऊन नक्षी काढतात, हा खाली उतरतो आणि पखवाजासारखं ठोकत ठोकत सोलो रचतो. टाल फार्लोच्या गिटारबरोबर १९५६ मध्ये वाजवलेलं ऐका आणि १९५९ ची 'द हाउस ऑफ ब्लू लाइट्स' ऐका. कीबोर्डवाल्याने तर ऐकायलाच हवी, आपण सगळे उजव्या हाताच्या मागे लागलेलो असतो.

व्हायब्रफोनसाठी १९५८ ची 'गाइज अँड डॉल्स लाइक व्हाइब्ज'. त्यात पियानोवर कोण, तर बिल इव्हान्स, ड्रमवर पॉल मोशन. आणि बासवर वेंडेल मार्शल. हे नाव वर आलंय, विंचेस्टरच्या रेकॉर्डवरही बास त्याचाच आहे. आता गंमत अशी की 'गाइज अँड डॉल्स' या ब्रॉडवेच्या संगीत नाटकातलं 'इफ आय वेअर अ बेल' हे गाणं दोन्ही रेकॉर्डवर आहे, कोस्टाचं १९५८ चं आणि विंचेस्टरचं १९५९ चं. तेच गाणं, तोच बासवाला, दोन व्हायब्रफोनवाले. एका संध्याकाळी दोन्ही लागोपाठ लावा आणि फक्त बासकडे लक्ष द्या, मार्शल दोघांना कसा वेगळा आधार देतो बघा. कोस्टा ताणतो, अडवतो, मुद्दाम उशिरा येतो. विंचेस्टर मोकळा चालतो, संध्याकाळी मरीन ड्राइव्हला निघालेल्या माणसासारखा. आणि वेंडेल मार्शल हा एलिंग्टनचा बासवाला जिमी ब्लँटन याच्या चुलत-मावस भावांपैकी. हा ब्लँटन १९४२ मध्ये क्षयाने तेविसाव्या वर्षी गेला. मी हे दोन्ही ट्रॅक ऐकताना मार्शलचाच विचार करत राहतो. भाऊ गेला, मग हे दोघे गेले, आणि तो प्रत्येकाच्या मागे उभा राहून वाजवत होता.

२८ जुलै १९६२ च्या पहाटे न्यूयॉर्कच्या वेस्ट साइड हायवेवर गाडीच्या अपघातात कोस्टा गेला, बत्तिसावा वाढदिवस पंधरा-सतरा दिवसांवर आलेला. बायको आणि चार मुलं मागे. विंचेस्टर जाऊन दीड वर्षच झालं होतं. कोस्टाच्या कुटुंबासाठी दोस्तांनी काय केलं असेल, तर वाजवलं. कोलमन हॉकिन्स आणि क्लार्क टेरी यांच्या नावावर 'एडी कोस्टा मेमोरियल कॉन्सर्ट' अशी रेकॉर्डच आहे. रात्रीचं काम आटोपून तुम्ही विरारच्या शेवटच्या गाडीने नाहीतर हायवेने बाइकवर घरी येता, म्हणून एक सांगतो, बाइक नको. गाडी चुकली तर स्टेशनवर बसा, पहिली गाडी पकडा.

प्रश्न : दादा, माझा धाकटा भाऊ ऑर्केस्ट्रात ऑक्टोपॅड वाजवायचा, लालबाग-परळकडच्या सगळ्या मंडळांत त्याला ओळखायचे. सहा वर्षांपूर्वी आजारपणात गेला, एकोणतीस वर्षांचा होता. येत्या मार्चमध्ये त्याचे मित्र त्याच्या आठवणीत एक कार्यक्रम करतायत. घरात त्याच्या क्लासच्या, कार्यक्रमांच्या नऊ कॅसेट आहेत, थोड्या त्याच्या मोबाइलमध्ये आहेत. कॅसेटला बुरशी आल्यासारखी वाटते. काय करू? आणि त्या दिवशी मी काय बोलू, मला तर बोलताच येत नाही. (लालबाग)

उत्तर : ताई, तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. आधी कॅसेटचं सांगतो कारण त्याला वेळ कमी आहे, मार्च लांब वाटतो पण नाही.

त्या कॅसेट आत्ता लावू नका. एकही नाही, कितीही वाटलं तरी. बुरशी असलेली टेप प्लेअरमध्ये घातली की हेडला घाण लागते, ती पुढच्या कॅसेटला लागते, आणि टेप अडकून तुटू शकते. आधी प्रत्येक कॅसेटचा दोन्ही बाजूंनी फोटो काढा, आतल्या कागदाचा पण, त्याच्या हातचं जे लिहिलंय ते सगळं फोटोत येऊ दे. मग कोरड्या जागी ठेवा, पत्र्याच्या कपाटात नको, आपल्याकडे पावसाळ्यात कपाटातच ओल धरते. सिलिकाचं छोटं पाकीट टाकून हवाबंद डब्यात ठेवलंत तरी चालेल.

कॉपी करायला देताना जपून. माझ्या मावशीने आकाशवाणीवर गायलेल्या दोन गाण्यांची एकच कॅसेट आमच्याकडे होती, ती मी एका दुकानात विश्वासाने देऊन आलो. परत आली ती एकाच बाजूची सीडी, आणि मूळ कॅसेट सापडत नाही असं उत्तर. अकरा वर्षं झाली त्याला, अजून त्या रस्त्याने गेलो की पोटात कालवतं. म्हणून सगळ्या नऊ एकदम देऊ नका. सगळ्यात कमी महत्त्वाची एक द्या, ती नीट परत आली, दोन्ही बाजू उतरल्या, मग पुढची. शक्य असेल तर समोर बसून करून घ्या. फाइल एमपीथ्री नको, वेव्ह मागा, जागा जास्त लागते पण आवाज छाटला जात नाही. आणि "क्लीन" करून देऊ का असं विचारतील, तर म्हणा आधी जशी आहे तशी द्या, खरखर असली तरी असू दे, साफ केलेली वेगळी द्या. एक कॉपी तुमच्याकडे, एक त्याच्या मित्राकडे, एक दुसऱ्या गावातल्या नातेवाइकाकडे. मोबाइलमधलं तर आजच्या आज काढून घ्या, सहा वर्षांचा फोन कधी उठणार नाही सांगता येत नाही.

मग त्याच्या मित्रांना घरी बोलवा, चहा करा, आणि एकेक रेकॉर्डिंग लावून विचारा. कुठलं मंडळ, कुठलं साल, गाणारी कोण, ढोलक कुणाची, बेसवर कोण. ते लिहून काढा. विंचेस्टरच्या रेकॉर्डबद्दल मी तुम्हा सगळ्यांना साठ-पासष्ट वर्षांनी एवढं सांगू शकतो ते त्या कव्हरवर कुणीतरी सगळ्यांची नावं छापली होती म्हणून. आपल्या ऑर्केस्ट्रावाल्यांची नावं कुणी छापत नाही, ती तुम्हालाच लिहावी लागणार. भांडतील ते आपसात, "अरे तो नव्हता त्या दिवशी, मी होतो", भांडू दे, तेही लिहून घ्या.

बोलायचं म्हणाल तर भाषण करूच नका. स्टेजवर जा, सांगा, "हे अमुक सालचं, अमुक मंडळाचं, बरोबर हे हे होते", आणि त्याची रेकॉर्डिंग लावायला सांगा, पूर्ण, मध्ये फेड न करता. दुसरं काही नको. आजारपणाचं कुणी माइकवर काढायला लागलं तर मित्रांना आधीच सांगून ठेवा की ते आपण घरी बोलू. तो ज्या गाण्यात खुलायचा ते तुम्हाला माहीत असेलच, बहिणींना माहीत असतं, ते शेवटी ठेवा आणि त्यानंतर मित्रांना लगेच लाइव्ह वाजवायला लावा, ऑक्टोपॅडची जागा रिकामी ठेवून नाही, त्याच्याकडून जो शिकला त्याला तिथे उभा करून.

नऊपैकी एखादी अगदीच चिकटलेली निघाली तर टाकू नका, मला मासिकाच्या पत्त्यावर कळवा. टेपची पट्टी जुन्या कवचातून काढून नव्या कवचात बसवता येते, ते काम हाताने करणारे एक गृहस्थ माझ्या माहितीत आहेत, मी स्वतः त्यांच्याकडे घेऊन जाईन.